न वाजलेला भोंगा

"बाई, तुम्ही फक्त एवढंच लिहून द्या, मशिन चांगलं आहे म्हणून. बाकीचं आम्ही बघतो."

डॉक्टर मगदूम माझ्यापुढे कोरा कागद सरकवून बसले होते. मिरजेतल्या लहान मुलांच्या एका दवाखान्याचे ते प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस आधी दुसऱ्याची मान शोधतो. त्यांच्या नवजात बाळांच्या वॉर्डात त्याच आठवड्यात एक बाळ गेलं होतं. अपुऱ्या दिवसांचं, ओंजळीत मावेल एवढं. अशी बाळं मधेच श्वास घ्यायचा विसरतात. तळपायावर टिचकी मारली, पाठ चोळली, की पुन्हा घेतात. ते विसरलं तर ओरडून सांगायला त्याच्या उशाशी एक यंत्र ठेवलेलं होतं, आणि ते यंत्र आमच्या कंपनीचं होतं.

"मशिन मी अजून उघडलेलंसुद्धा नाही," मी म्हणाले.

"पण सकाळपासून वाजवून बघताय की. दर वेळी वाजलं ना?"

"वाजलं."

"मग झालं तर. त्या दिवशीसुद्धा आम्ही सगळे धावलो ते त्याचा आवाज ऐकूनच. सिस्टरनं आधी बंद करून ठेवलं असणार आणि बाळ निळं पडलेलं बघून घाईनं चालू केलं असणार. कटकट होते म्हणून बंद करतात हो. मी का आज बघतोय?"

माझं तोंड तसं तिखट. कुणी असं दुसऱ्याच्या गळ्यात धोंड बांधायला लागलं की मला राहवत नाही. पण त्या दिवशी मी मूग गिळून बसले, कारण त्यांचं म्हणणं खोटं पाडायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, आत कुठेतरी मला बरंही वाटत होतं. यंत्र वाजत होतं, म्हणजे दोष आमचा नव्हता. त्या बरं वाटण्याची मला लगेच लाज वाटली आणि मी कागद तसाच कोरा ठेवून उठले. चौकशी समितीपुढे काय ते सांगू म्हणाले.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर ती सिस्टर बसली होती. सुवार्ता सातपुते. चाळिशी ओलांडलेली, मिरजेतच वाढलेली, अंगावर गणवेश नाही कारण घरी बसायला सांगितलेलं. मी शेजारी बसले आणि कोण, कुठली ते सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तुम्ही बंद केलं होतं का?" मी सरळच विचारलं.

"नाही."

"मग वाजलं कसं नाही?"

"ते तुम्ही मला सांगायचं. मशिन तुमचं आहे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी पलीकडच्या खोलीत दुसऱ्या बाळाला सलाईन लावत होते. मधे नुसती काच आहे. टाचणी पडली तर ऐकू येते. मी परत आले, बाळाचा रंग बघितला, मशिनवरचं फडकं ओढलं, आणि तेव्हा ते ठणाणा करायला लागलं. आधी नाही. आधी वाजलं नव्हतं, एवढं मी दहा वेळा सांगितलं. कुणाला पटत नाही."

"फडकं? कसलं फडकं?"

व्हरांड्याच्या टोकाकडे बघत ती म्हणाली, "मीच टाकलं होतं. स्क्रीनचा उजेड लागतो बाळाच्या डोळ्यांना."

मला वाटलं, आपल्यावर बालंट येईल म्हणून ती बिचकली असेल. मी ते मशिन खोक्यात घालून पुण्याला निघाले.

आमची कंपनी भोसरीला होती. आज तिथं टायरचं गोडाऊन आहे. चाळीस माणसं, त्यातली निम्मी आमच्या मालकांनी, दळवीसाहेबांनी, स्वतः हाताला धरून शिकवलेली. दळवीसाहेबांनी आयुष्यभर एकच ध्यास घेतला होता, की मोठ्या शहरात मिळतं ते यंत्र तालुक्याच्या दवाखान्यालाही परवडलं पाहिजे. आणि तालुक्याच्या दवाखान्यात वीज जाते. म्हणून यंत्र बॅटरीवर तासन्‌तास चाललं पाहिजे, आणि म्हणून आमच्या नव्या यंत्रात जो भाग कामाचा नाही तो झोपवायचा, असं ठरलं होतं.

ते झोपवण्याचं काम तांबटसरांचं. यशवंत तांबट म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात जुना माणूस, ड्रायव्हर लिहिणारा. ड्रायव्हर म्हणजे प्रोसेसर आणि एखादा भाग यांच्यामधला निरोप्या प्रोग्रॅम. तांबटसर कमी बोलत, पण अर्धवट बोललेलं त्यांना खपत नसे. "सांगायचं तर सगळं सांगा, नाहीतर गप्प बसा," हे त्यांचं पालुपद. आम्ही त्यांच्या मागं त्यांची नक्कल करायचो.

मी खोकं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सिस्टर जे बोलली ते सांगितलं.

"फडकं काढल्यावर वाजलं?" त्यांनी पुन्हा विचारलं. "काढल्यावर?"

"असं ती म्हणते."

आमच्याकडे खोट्या श्वासाची एक डबी होती. ती यंत्राला जोडली की यंत्राला वाटतं, बाळ श्वास घेतंय. डबीवरचं बटण दाबलं की श्वास थांबतो. तांबटसरांनी डबी जोडली, आपल्या जेवणाच्या डब्याला गुंडाळलेलं फडकं सोडलं आणि यंत्राच्या स्क्रीनवर घातलं. थोडा वेळ आम्ही तसेच उभे राहिलो. मग त्यांनी श्वास थांबवला.

यंत्र गप्प.

आजूबाजूला लोकांची कामं चालू होती, कुणीतरी चहा आला म्हणून ओरडत होतं. आम्ही दोघं त्या फडक्याकडे बघत होतो. बाळाला जेवढा वेळ पुरतो त्याच्या कितीतरी पुढे गेल्यावर तांबटसरांनी फडकं उचललं. स्क्रीन उजळली आणि भोंगा असा किंचाळला की सगळा हॉल वळून बघायला लागला.

"खरं बोलत होती हो ती," मी म्हणाले. तांबटसर खुर्चीत बसले होते आणि कपाळ चोळत होते.

कारण सापडायला मग फार वेळ लागला नाही. आमच्या यंत्रात स्क्रीन आणि भोंगा दोघंही एकाच कंट्रोलरवर टांगलेले होते. प्रोसेसरनं निरोप द्यायचा तो कंट्रोलरकडे, आणि कंट्रोलरनं तो ज्याचा त्याला पोचवायचा. सामायिक मिटिंग रूमच्या दिव्यासारखी त्याची रीत होती. जो आत जाईल त्यानं "मी आत आहे" म्हणून सांगायचं, बाहेर पडताना "मी निघालो" म्हणायचं, आणि आत कुणीच उरलं नाही की दिवा बंद. म्हणजे ज्याला कंट्रोलरचं काम आहे त्यानं आधी त्याला मागून घ्यायचं, काम झालं की सोडायचं. सगळ्यांनी सोडला की कंट्रोलर झोपतो. तांबटसरांनी हे चोख लिहिलं होतं. स्क्रीनचं काम माझं. अंधार झाला की स्क्रीनला वाटायचं रात्र झाली, ती मिटायची आणि शहाण्यासारखी कंट्रोलर सोडायची.

भोंग्यानं मात्र त्याला कधी मागूनच घेतलं नव्हतं. भोंगा आपला दुसऱ्यानं लावलेल्या दिव्याखाली बसून होता. स्क्रीन जागी, म्हणून कंट्रोलर जागा, म्हणून भोंगा वाजायचा. फडकं पडलं, स्क्रीन झोपली, कंट्रोलर झोपला. प्रोसेसर बिचारा "वाजव, वाजव" म्हणून निरोप पाठवत राहिला आणि घ्यायला मधे कुणी नव्हतं.

"पण आपण इतक्या वेळा तपासलं," मी म्हणाले.

"तपासणी सुरू कशी करता तुम्ही?"

"स्क्रीनवरचं बटण दाबून."

"म्हणजे आधी तिला उठवता, आणि मग विचारता भोंगा जागा आहे का," तांबटसर म्हणाले. "आपण दोन वर्षं हेच करतोय बाई."

भोंग्याचा प्रोग्रॅम कुणाचा, ते वर नावच होतं. कंपनीत पाच माणसं असताना, स्क्रीन झोपण्याची पद्धतच नव्हती तेव्हा, दळवीसाहेबांनी स्वतः लिहिलेला. चालतंय म्हणून त्याला पुढे कुणी हात लावला नव्हता.

साहेबांनी सगळं उभ्यानंच ऐकलं. मग पहिलं काम त्यांनी हे केलं, की त्याच संध्याकाळी आठ माणसं आठ दिशांना पाठवली. जिथं जिथं आमचं यंत्र होतं तिथं जाऊन भोंगा दुरुस्त करून, फडकं टाकून वाजवून बघायचं आणि मगच परतायचं. त्यात त्यांनी क्षणाचा उशीर केला नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. दुसरं काम त्यांनी दार लावून घेऊन केलं.

"यंत्र झाकू नये, हे आपण माहितीपुस्तकात लिहिलंय का?" त्यांनी मला विचारलं.

"हवा खेळती राहावी म्हणून झाकू नये, असं एक वाक्य आहे."

"आहे ना? मग तेच धरायचं."

समितीची बैठक पंधरवड्यानं होती. आम्ही तिघं साहेबांच्या गाडीतून मिरजेला निघालो. कराड मागे पडलं. मग तांबटसरच म्हणाले, "साहेब, फडकं टाकल्यानं बाळ जात नाही. फडकं टाकलेलं असतानाही वाजावा, म्हणून तर भोंगा ठेवायचा."

"ते मला कळतं यशवंता. समितीला कळेल?" साहेब रस्त्यावरची नजर न हलवता बोलत होते. "आपल्याकडे सांगण्यासारखं एकच आहे. सिस्टरनं यंत्र झाकलं. चाळीस घरं आहेत कंपनीवर. ते सांगितलं तर निदान अर्धा दोष तिकडे जाईल आणि आपण तगू. नाही सांगितलं तर परवापासून एकही दवाखाना आपलं यंत्र दारात उभं करणार नाही."

"आणि तिची नोकरी जाईल, ते?" मी विचारलं.

"जाईल," ते म्हणाले. "मला ते गोड वाटतंय असं समजू नकोस, वैजू."

मला त्यांचा रागही आला आणि कणवही आली. माझा स्वतःचा फ्लॅटचा हप्ता त्या चाळीस घरांत होताच, त्यामुळे फार सोवळेपणा करायची मला सोय नव्हती. तांबटसर एवढंच म्हणाले, "सांगायचं तर सगळं सांगा. भोंग्याचंही सांगा." साहेब "बघू" म्हणाले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही बोलावण्याची वाट बघत उभे होतो. तेवढ्यात एक मुलगी आमच्याकडे आली. मुलगीच ती, वीस-एकवीसची असेल. डोक्याला स्कार्फ, बाळंतिणीसारखा. मागे तिचा नवरा भिंतीला टेकून उभा होता, जमिनीकडे बघत.

"तुमी पुण्याचं मशिनवालं न्हवं?" तिनं साहेबांना विचारलं. "मी स्वप्नाली चौगुले. बाळ माझं."

साहेबांनी नुसते हात जोडले.

"मला एवढंच सांगायचंय," ती भरभर बोलायला लागली, पाठ करून आल्यासारखी. "समदी म्हणत्यात सिस्टरनी मशिन बंद केलं. खोटं हाय ते. त्या लई चांगल्या हायत. त्यांनी कशाला बी हात लावला न्हाई. मीच आपली त्याच्यावर बाळाचं दुपटं टाकायची. त्यावर आकडा दिसतोय बघा, किती श्वास घेतोय त्यो. येईल त्यो आधी बाळाकडं न बघता आकडाच बघायचा. कुणी बी यावं आन् माझ्या बाळाचा श्वास मोजावा, नजर लागंल की वो. सिस्टर रागवायच्या, काढून ठेवायच्या. त्यांची पाठ वळली की मी परत टाकायची. त्या दिवशी बी मीच टाकून जेवाय गेले हुते."

एका दमात एवढं बोलून ती थांबली. मग आवाज खाली आणून, नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं तिनं विचारलं, "दुपट्यानं काय झालं नसंल न्हवं?"

सुवार्ता सिस्टर थोड्या अंतरावर उभी होती. तिनं ते ऐकलं असावं. तिचा चेहरा मी त्या वेळी पाहिला आणि मला सगळं लख्ख कळलं. "मीच टाकलं होतं" असं ती व्हरांड्याच्या टोकाकडे बघून का म्हणाली होती ते. फडकं ओढल्याबरोबर मशिन वाजलं, तेव्हाच तिला उमगलं असणार की काय झालं. आणि त्या क्षणापासून ते दुपटं तिनं आपल्या नावावर करून घेतलं होतं. नोकरी जात असतानासुद्धा तिनं ते परत दिलं नव्हतं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

साहेब त्या मुलीला काही सांगणार तोच शिपाई आला, "चला, आत बोलावलंय," म्हणून. ती प्रश्न तसाच चेहऱ्यावर घेऊन आमच्या मागोमाग आत आली.

खोली लहान होती. टेबलामागे डॉक्टर मगदूम, त्यांच्या शेजारी समितीच्या प्रमुख वझेबाई, निवृत्त डॉक्टर, डोळ्यांवर जाड चष्मा. भिंतीला लागून सुवार्ता सिस्टर. दाराशी स्वप्नाली आणि तिचा नवरा.

"दळवी, तुमचं मशिन वाजलं की नाही वाजलं?" वझेबाईंनी विचारलं.

"नाही वाजलं," साहेब उभे राहून म्हणाले.

मगदूम चमकून पुढे झुकले. साहेबांनी मग सांगायला सुरुवात केली. स्क्रीन आणि भोंगा एकाच कंट्रोलरवर कसे आहेत, ज्याला काम आहे त्यानं तो मागून घ्यावा लागतो, भोंग्यानं तो कधीच मागितला नव्हता, इतकी वर्षं तो स्क्रीनच्या जिवावर वाजत होता. साध्या मराठीत, कॉलेजच्या पोरांना शिकवावं तसं त्यांनी सांगितलं. "भोंग्याचा प्रोग्रॅम मी लिहिलेला आहे," शेवटी ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा त्याला हात लागलेला नाही."

"पण स्क्रीन झोपली कशानं?" वझेबाई चाणाक्ष होत्या. "दुपारची वेळ, वॉर्ड चालू. ती आपली आपण झोपली?"

आता फडकं येणार, हे मला दिसत होतं. सुवार्ता सिस्टर खुर्चीतून अर्धी उठली. "मॅडम, ते मी..."

"बसा सिस्टर," साहेब म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, दाराकडेही पाहिलं नाही. "बराच वेळ कुणी हात लावला नाही की ती झोपते, मॅडम. बॅटरी वाचावी म्हणून आम्हीच तशी बनवली आहे."

ते खोटं नव्हतं. तशीही ती झोपायची. फक्त त्या वॉर्डात तशी वेळ येत नसे, कारण सिस्टर घटकाघटकेला येऊन बटण दाबून आकडे बघत. या दोन्ही गोष्टींचा मेळ त्या खोलीत आमच्या तिघांखेरीज कुणाला घालता आला नसता. वझेबाईंनी चष्मा सारखा केला आणि तांबटसरांकडे वळल्या.

"ते झोपवण्याचं काम तुमचं ना? हे म्हणतात ते बरोबर आहे?"

अर्धवट सांगायचं नाही, हे ज्या माणसाचं व्रत, तो आता उभा राहिला होता. त्यांनी एक हात टेबलाच्या कडेवर टेकला.

"बरोबर आहे," तांबटसर म्हणाले. "हात लावला नाही की झोपते."

आणि ते खाली बसले. पुढं एक शब्द बोलले नाहीत.

"म्हणजे वॉर्डात कुणी काहीच केलं नव्हतं?" मगदूमांनी विचारलं. त्यांना अजून आशा असावी. "तुमच्या माहितीपुस्तकात काही नियम असतील. तसं काही मोडलं गेलं का? नीट आठवून सांगा. तुमच्याच हिताचं आहे."

"नाही," साहेब म्हणाले. "वॉर्डात कुणाचीही काही चूक झालेली नाही. चूक माझी आहे. लिहून घ्या."

वझेबाईंनी लिहून घेतलं. सिस्टरला कामावर घ्यायला सांगितलं आणि आमची यंत्रं सगळीकडून उचलावीत, अशी शिफारस सरकारकडे पाठवते म्हणाल्या. साहेबांनी मान हलवली.

बाहेर आलो तेव्हा स्वप्नाली गाडीजवळच उभी होती. नवरा रिक्षा बघायला गेला होता.

"साहेब, दुपट्याचं तुमी बोलला न्हाईसा," ती म्हणाली.

"बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं, बाळ. भोंगाच बिघडलेला होता."

"नक्की?"

"नक्की."

तिनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "कुणाला सांगितलं न्हाई मी," ती म्हणाली. "आईला न्हाई, ह्यांना न्हाई. डोळा लागला की वाटायचं, माझ्याच हातानं..." तिथंच, दवाखान्याच्या पायरीवर ती बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. तोवर एकदाही रडली नव्हती, असं सिस्टरनं मला नंतर सांगितलं. सिस्टर येऊन तिच्या शेजारी बसली आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

साहेब गाडीच्या दारावर हात ठेवून उभे होते. मग त्यांनी किल्ली तांबटसरांच्या हातात दिली.

"तू चालव यशवंता," ते म्हणाले. "घरी पोचेपर्यंत मला ठरवू दे, चाळीस जणांना काय सांगायचं ते."